होडीतलं कासव

बहात्तर सालच्या माघात वेसाव्याच्या हरेश्वर नाखव्याच्या जाळ्यात एक कासव आलं. परातीएवढी पाठ. कुठल्यातरी जुन्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा पुढच्या पायाला आवळून पार मांसात रुतला होता.

नाखव्यानं रीतीप्रमाणे त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मुलाला, तुळशीदासला म्हणाला, "ने, सोड दर्यात."

मासळी निवडत बसलेली सून उठली. मथुरा तिचं नाव.

"बाबा, पाय सडलाय त्याचा. असं सोडलं तर जगायचं नाही."

"देवाचं आहे ते. देव बघेल."

"देवानं आपल्या जाळ्यात घातलंय ना? मग आपण बघू."

सासऱ्यासमोर ती एवढं कधी बोलली नव्हती. तुळशीदास वाळूकडे बघत राहिला. नाखवा घराकडे निघून गेला. मथुरानं तेवढ्यालाच होकार मानलं.

तिनं कोयत्याच्या टोकानं दोरा कापून काढला आणि बस पकडून अंधेरी गाठली. तिथे श्यामकांत राजाध्यक्ष तबेल्यांतल्या म्हशींना औषध द्यायचे.

"बाई, मी म्हशींचा डॉक्टर. कासवाला मी आयुष्यात हात लावलेला नाही."

"मी लावलाय. तुम्ही फक्त औषध सांगा."

डॉक्टर हसले आणि तिच्याबरोबर वेसाव्याला आले. त्यांनी सडलेलं मांस काढलं, मलम दिलं. दिवसातून दोनदा लावायचं, लावल्यावर तासभर पाण्यात सोडायचं नाही, असं बजावून गेले.

किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या होडीत मथुरानं गुडघाभर खारं पाणी भरलं. रोज भरतीला हंडे वाहून पाणी बदलायचं, मग टोपली घेऊन बाजाराला जायचं. बायका तिला हसायच्या. कासव मात्र काहीच खाईना. कोळंबी नको, मांदेली नको. सहाव्या दिवशी तिनं खेकडा फोडून तोंडापुढे धरला, तर त्यानं खेकड्याबरोबर तिच्या बोटाचाही चावा घेतला. रक्ताळलेलं बोट नाचवत ती घरी आली. "खाल्लं," म्हणाली.

पंचवीस दिवसांनी जखम भरली. त्या सकाळी नाखवा स्वतः सुकाणूवर बसला. खोल पाण्यात गेल्यावर नवराबायकोंनी कासव अलगद खाली सोडलं. पुढचे दोन्ही पाय मारत ते निळ्यात दिसेनासं झालं.

"सरळ गेलं," नाखवा म्हणाला. सुनेकडे बघून म्हणाला.

पुढल्या हंगामात खाडीपलीकडच्या मढचे दोघे टोपलीत एक कुरव पक्षी घेऊन आले. त्याच्या चोचीत गळ अडकला होता. नाखवा दारात जाळं विणत बसला होता.

"इथे ती कासवाची डॉक्टरीण कुठे राहते?"

नाखव्यानं जाळं बाजूला ठेवलं, खुंटीवरचा सदरा अंगात घातला.

"माझी सून ती," तो म्हणाला. "बाजारात बसलीय. चला, मी दाखवतो."

आणि सगळ्या कोळीवाड्याला दिसेल असा, भर रस्त्यातून, तो त्यांच्यापुढे चालू लागला.