राजाबाईचा हातसडीचा तांदूळ

वडगावच्या विणकर सुबरावाचा माग जोरात चालायला लागला, त्या वर्षी त्याच्या घरात मिलचा पांढराशुभ्र तांदूळ आला. साल असेल एकोणीसशे छत्तीस. उचगावची राजाबाई डोक्यावर तांदळाची बुट्टी घेऊन नेहमीसारखी विकायला दारात आली, तेव्हा तिच्या लालसर हातसडीच्या तांदळाकडं बघत तो म्हणाला, "आता नको मावशी. आमच्यात पांढरा भात खात्यात." ती बुट्टी सावरून पुढच्या दाराला गेली.

नाचणीची भाकरीही बंद झाली. दिवसातून तीनदा भात. बायको सोनाबाई तो चार पाण्यांनी धुवायची, शिजला की पेज मोरीत ओतायची आणि ताटात डोंगर रचायची. वर पातळ आमटी, लोणच्याची फोड. पोट तुडुंब भरायचं.

वर्ष सरायच्या आत सुबरावाचे पाय जड झाले. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलं की पायाखालच्या पावड्या त्याला जाणवेनात. डावी दाबतोय का उजवी, हे वाकून बघावं लागे. पोटऱ्या सुजल्या. वैद्य म्हणाला, "अशक्तपणा हाय, भरपूर जेवा." सोनाबाईनं डोंगर आणखी उंच केला. शेवटी भिंत धरून चालायची पाळी आली आणि माग थांबला.

ही बातमी बाजारात राजाबाईच्या कानावर गेली. ती तशीच वडगावला आली, त्याच्याजवळ बसली आणि सुजलेल्या पायावरनं हात फिरवत तिनं विचारलं, "काय जेवतोस?"

"पोटभर जेवतो की. दोन माणसांचं."

"किती ते न्हाय इचारलं रं. काय जेवतोस?"

सोनाबाईनं सगळं सांगितलं. राजाबाई म्हणाली, "माझा भाऊ भरमा लोंढ्याच्या टेसनात हमाल हाय. त्याचं बी असंच झालतं. तिथल्या डाक्टरनं सांगितलं, तांदळाचं सत्त्व कोंड्यात असतंय. ते मिलमध्येच जातंय, आन् उरलंसुरलं तुम्ही मोरीत ओतताय. थोडं खा, पण सत्त्वाचं खा."

दुसऱ्या दिवशी तिनं हातसडीचा तांदूळ, हुलगे आणि रानातली भाजी आणून दिली. पेज ओतायची नाही, असं सोनाबाईला बजावलं. पुढं दर आठवड्याला ती येत राहिली.

ताट लहान झालं, तसे पहिले काही दिवस सुबराव कुरकुरला. पण हळूहळू सूज ओसरली. महिन्याभरानं तो मागावर बसला आणि तळव्याला पावडीचं गार लाकूड लागलं. त्याचे डोळे भरून आले. बराच वेळ तो नुसता पाय टेकवून बसला.

माग परत सुरू झाल्यावर त्यानं पहिलं लुगडं विणलं ते राजाबाईसाठी, हिरवं, लाल काठांचं. ते घेऊन तो पायी उचगावला गेला.

लुगडं तिच्या हातात देत तो म्हणाला, "ज्या दारातनं मी तुला परत लावून दिलं, त्याच दारात तू कशी आलीस, मावशी?"

"तुझ्या आईनं तुला पहिला घास माझ्याच तांदळाचा भरवलाता," राजाबाई म्हणाली. "मला काय बोलावणं लागतंय व्हय?"

सुबराव वाकला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.