गादीचं दुसरं टोक

“आधी तिकडचं टोक उचल, मग बोल,” थोरली म्हणाली.

धाकटीने टोक उचललं. ज्यूदोची गादी हिरवी, जड आणि हाताला पकड न देणारी. एकटीने न्यायची म्हटलं तर फरफटवावी लागते, आणि फरफटली की कोपरे झिजतात. म्हणून सरांच्या वेळेपासूनचा नेम होता, एका गादीला दोन माणसं. अशा चोवीस गाद्या सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेपाचला शाळेच्या सभागृहात मांडायच्या आणि सातला, मुलं यायच्या आत, पुन्हा भिंतीशी रचायच्या.

दोघी बहिणी नव्हत्या. एकाच वजनगटातल्या दोन मुली, एक दुसरीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. ओरडायला सोपं पडतं म्हणून सरांनीच थोरली-धाकटी सुरू केलं आणि ते चिकटलं. आता थोरली पस्तिशीची होती. सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. शेवटची स्पर्धा होऊन सहा वर्षं झाली होती. बरोबरीच्या सगळ्याजणींनी आपापले पट्टे कपाटात टाकले, काहींनी तर त्या पट्ट्यांनी जुन्या पेट्या बांधल्या. या दोघींनी तेवढं सोडलं नाही.

“आता कुठे लढायला जायचंय?” धाकटीचा नवरा सुरुवातीला विचारायचा.

“लढायला नाही, पडायला जाते,” ती म्हणायची. त्याला तो विनोद वाटायचा. पण हळूहळू तोही सरावला. पहाटे अडीच वर्षांच्या लेकीचा पाय आईच्या पोटावर असायचा. तो पाय धाकटी अलगद उचलायची, आपल्या जागी उशी सरकवायची आणि पाय उशीवर ठेवून द्यायची. पुढचं नवरा बघायचा. दिवसभर ती कुणाची आई, कुणाची सून, दवाखान्याच्या धुलाईघरातली चादरवाली. त्या दीड तासात मात्र तिला फक्त पाठ सपाट ठेवायची असायची.

गाद्या लागल्या. दोघींनी जाड कापडाचे अंगरखे चढवले, पट्टे आवळले. एकीने दुसरीची कॉलर आणि बाही धरायची, वळायचं, तिला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे टाकायचं. मग दुसरीची पाळी. पडताना पाठ आणि तळहात एकदम गादीवर आपटले तर एकच आवाज येतो, थप्प. हात मागे राहिला तर दोन येतात. थोरलीला डोळे मिटूनही कळायचं. “हात झोपला होता का गं?” ती विचारायची.

आज तिसऱ्याच फेकीनंतर थोरली गुडघ्यावर बसली ती उठली नाही.

“ऑपरेशन ठरलंय,” ती म्हणाली. “पुढच्या गुरुवारी.”

“बरं झालं एकदाचं. कधीची लंगडतेयस. मग दोन-तीन महिन्यांनी...”

“नाही गं. चालता येईल, जिने चढता येतील, पोरांना ओळीत उभं करता येईल. वळून अंगावर माणूस घ्यायचं नाही, असं स्पष्ट सांगितलंय. आजची शेवटची समज.”

धाकटी खाली बसली.

“एक विचारू?” थोरली म्हणाली. “सहा वर्षं विचारायचं राहिलंय. त्या शेवटच्या स्पर्धेत, फायनलला मी तुला पाडलं, की तू पडलीस?”

धाकटीने पट्ट्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. गाठ घट्टच होती.

“कुणी काही बोललं का तुला?”

“बोलायला कशाला हवं? मी आवाज ओळखते तुझा. जिला पाडलंय तिचा आवाज तसा येत नाही. फार सुंदर पडलीस तू त्या दिवशी. इथे पडतेस तशी.” थोरली गुडघा चोळत होती. “त्या पदकाशिवाय मला या शाळेतली खेळशिक्षिकेची नोकरी मिळाली नसती. तुला माहीत होतं. तू दिलंस ते मला. म्हणून तर येत राहिले. गुडघा काय, पहिल्याच वर्षी बोलायला लागला होता. पण म्हटलं, जिने एवढं केलं तिला गाद्या एकटीने ओढायला कसं लावायचं?”

थोरलीला यात गोडी आहे म्हणून ती येते, असंच धाकटी सहा वर्षं धरून चालली होती. आपल्यासारखीच.

दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजला. सभागृहाचे रखवालदार काका उभे होते. “आटपा पोरींनो, फाटकाशी गर्दी व्हायला लागली.”

चोवीस गाद्या दोघींनी रचल्या.

धुलाईघरात इस्त्रीच्या रुळाखालून चादरी गरम गरम बाहेर पडत होत्या. घडी घालायला एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला तिथल्या जुन्या काकू. काकूंची नोकरी संपायला वर्ष राहिलं होतं, पण हाताला अजून घाई होती. त्यांनी चादर झटकून आपल्याकडे ओढली आणि धाकटीच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

“अगं, मी चादर झटकतेय, तुला नाही,” काकू म्हणाल्या. “रोज रोज उडतेस काय कोंबडीसारखी?”

धाकटी हसली नाही. ती आपल्या टाचांकडे बघत होती.

ओढ आली की तिच्याबरोबर जायचं. सरावात पडणारीचं कामच ते असतं. अडून राहिलं तर खांदा जातो, आपला नाहीतर दुसरीचा. स्पर्धेच्या आधी आठ वर्षं थोरलीने बाही ओढली की धाकटीच्या टाचा उचलल्या जायच्या. आणि फायनललाही तेच झालं. तिसरं मिनिट चालू होतं. धाकटी बऱ्यापैकी खेळत होती, दमही शिल्लक होता. थोरलीने बाही ओढली. टाचा उठल्या. काय झालं हे कळेपर्यंत ती छताच्या दिव्यांकडे बघत होती आणि पंचाचा हात सरळ वर गेला होता.

तिने काही दिलं नव्हतं, आणि धड हरलीही नव्हती. सरावातलं अंग सरावातच ठेवून यायचं, हे पहिल्या महिन्यातल्या पोरीला सांगतात. तेवढंही तिच्याच्याने झालं नव्हतं.

परतताना सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. “मोठं मन लागतं गं,” एवढंच म्हणाले. नाही सर, तसं नाही, असं तेव्हाच म्हणायचं. ती बाटलीतलं पाणी पीत राहिली. पाणी संपलं तेव्हा बोलायची वेळ निघून गेली होती. पुढे पुढे तर ते मोठं मन तिला आवडायला लागलं. लेक रात्रभर रडली, धुलाईघरात वरची जागा दुसरीला मिळाली, घरात उगाच कुणी टाकून बोललं, की ती मनाशी म्हणायची, असू दे, आपण एकदा कुणाला तरी केवढं मोठं काही दिलंय. म्हणता म्हणता तिचाही त्यावर अर्धा विश्वास बसत आला होता.

“घे की गं,” काकू म्हणाल्या. पुढची चादर येऊन पडली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती लेकीला घेऊन थोरलीकडे गेली. दवाखान्यात न्यायची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. लेकीने थोरलीच्या गुडघ्याचा पट्टा बोटाने दाबून बघितला. “बाऊ?”

“मोठा बाऊ,” थोरली म्हणाली. “उद्या काढून टाकणार.”

लेक बाहुलीच्या पायाला रुमाल बांधण्यात गुंतली. धाकटी उभीच होती.

“बस ना.”

“त्या दिवशी मी तुला काही दिलं नव्हतं,” धाकटी म्हणाली.

थोरलीने मान वर केली.

“सवयीने झालं. तू बाही ओढलीस आणि माझं अंग निघालं. मला कळायच्या आत.”

“ऑपरेशनच्या आधी मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस.”

“बरं वाटण्यासारखं काय आहे त्यात? नवख्या पोरीची चूक केली मी. आणि वर सगळ्यांना मोठं मन वाटू दिलं. सरांना. तुलासुद्धा.”

थोरली खुर्चीचा हात धरून उठली. “चहा टाकते,” म्हणत तिच्या जवळून गेली, आणि जाता जाता, न बघताच, तिने धाकटीची बाही धरून खाली ओढली.

टाचा उठल्या.

दोघींनी खाली बघितलं. धाकटी चवड्यांवर उभी होती.

“अजून?” थोरली म्हणाली.

“अजून.”

“म्हणजे माझी फेक चांगली होती की नव्हती...”

“ते आता नाही कळायचं.”

थोरली आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ कसलाच नाही. चहा आला तेव्हा त्यात साखर नव्हती. दोघींनी तो तसाच प्यायला.

“सहा वर्षं पहाटे उठले मी,” कप खाली ठेवत थोरली म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर धाकटीला सोपं गेलं असतं.

निघताना धाकटी “काळजी घे” म्हणाली. थोरलीने लेकीच्या गालाला हात लावला. सोमवारचं कुणीच काही बोललं नाही.

मधले दिवस धाकटी सभागृहात गेली नव्हती. सोमवारी पहाटे तिने लेकीचा पाय उशीवर ठेवला आणि ती निघाली. न जाण्यासारखं कारण होतं, पण अंग उठून बसलंच होतं.

“आज एकटीच?” काकांनी कुलूप काढता काढता विचारलं.

“एकटीच.”

फरफटवायचं नाही, हे तिने घरूनच ठरवलं होतं. गादीचं एक टोक उचलायचं, हातभर सरकवायचं, फिरून दुसऱ्या टोकाशी जायचं, ते उचलायचं. आठ गाद्या मांडता मांडता पाठ भिजली. आठ पुरे होत्या. एका माणसाला पडायला जागा कितीशी लागते.

ती पट्टा बांधत होती तेव्हा पिशवीत फोन वाजला.

“किती मांडल्यास?” थोरलीचा आवाज औषधांनी जड झाला होता.

“आठ,” धाकटी म्हणाली. “दुखतंय का?”

“मग काय होणार? फरफटवल्यास ना?”

“नाही. आधी एक टोक, मग दुसरं.”

“कोपरे बघून ठेव तरी.” पलीकडे कुणीतरी ढकलगाडी नेल्याचा खडखडाट झाला. “साडेपाचला डोळे उघडले बघ. नर्सबाई ओरडल्या, झोपा म्हणून. बरं, फोन गादीवर ठेव. कडेला. आणि पड.”

धाकटीने फोन कडेला ठेवला, दोन पावलं मागे गेली, पडली.

“हात उशिरा.”

पुन्हा पडली.

“हं.”

तिसऱ्यांदा आवाज एकच आला. थोरली काही बोलली नाही, म्हणजे बरा होता. मग म्हणाली, “आता तशी पड. फायनलसारखी.”

धाकटी उभी राहिली. तिने उजव्या हाताने आपलीच डावी बाही धरली आणि जोरात खाली ओढली. टाचा गादीला चिकटून राहिल्या. तिने पुन्हा ओढली. खाली बघितलं.

“नाही येत,” ती फोनकडे वाकून म्हणाली.

“का?”

“एकटीला नाही येत ते.”

जिन्यावर काका पायऱ्या झाडत होते.

“बरं,” थोरली म्हणाली. “मग साधंच पड. मी ऐकतेय.”

धाकटीने बाही सरळ केली आणि ती गादीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.