गाड्यावरचं वजन

मी एक जुना लोखंडी गाडा आहे, पण मला चाकं नाहीत. मित्रांनो, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहान कॉलेजच्या गवतावरून मी आयुष्यभर घसरतो आहे. आमच्याकडचा फुटबॉल अंगाला अंग भिडवून खेळतात. समोरच्याला रेटायचं कसं, हे पोरं माझ्या पाच गाद्यांना खांदे लावून शिकतात. मी जड व्हावं म्हणून कोच माझ्यावर उभे राहतात. इथली रीतच आहे ती.

आर्डन क्विस्ट आधी मला ढकलायचे, नाक गवताला लागेल इतके वाकून. पुढे तेच कोच झाले आणि माझ्यावर चढले. सामना मी कधी पाहिला नाही. शनिवारी टेकडीपलीकडून नुसता गलका येई. हरले की सोमवारी क्विस्ट शीळ घालत येत. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मग एका हंगामात ते माझ्यावर चढले आणि मी चरकलो. आजारपणानं त्यांचं वजन पार उतरलं होतं. पहिल्याच रेट्यात मी लोण्यावरून सरकावं तसा निघालो.

"हळू रे," धिप्पाड टोबायस कुजबुजला. "कोचना कळलं तर यायचेच बंद होतील."

पोरं उगाच धापा टाकू लागली.

"थांबा," क्विस्ट म्हणाले. "टोबायस, नाटकात कामं करतोस काय?"

"गाडा जड झालाय, कोच. गंजलाय बहुतेक."

"गंज तुझ्या डोक्याला चढलाय. मी हलका झालोय, ते मला कळत नाही होय?"

त्यांना मोटारीतून घेऊन आलेली त्यांची मुलगी कुंपणापाशी उभी होती.

"करीन, ये वर."

"बाबा, मी? या बुटांत?"

"बूट राहू देत. वजन पाहिजे. कधी तरी बापाच्या उपयोगी पड."

ती चढली. दोघं एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली. कोण कुणाला सावरत होतं, हे मला त्यांच्या पावलांवरून ओळखता आलं नाही.

"आता ढकला. खरं ढकला."

पोरांनी मला थेट कुंपणापर्यंत नेलं.

पुढच्या हंगामात क्विस्ट नव्हते. आता माझ्यावर वाळूची पोती ठेवतात. पोती कुणाच्या चुका काढत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी असं हलकं होत चाललं असेल, तर दिसलंच नाही असं सोंग करू नका. त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा.