चौथा थ्रासीवूलोस

फस्स करून कॉफी उतू गेली, आणि आदल्या संध्याकाळपासून मुकं पडलेल्या त्या घरात पहिला आवाज झाला.

फोतिनीने धावत जाऊन गॅस बंद केला. सासूबाई टेबलाशीच बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे न बघता चार वर्षांच्या नातीला सांगितलं, "मातूला, तुझ्या आईला म्हणावं, फेस गेला. आता ही कॉफी नव्हे, काढा आहे."

"आई, काढा आहे," मातूलाने निरोप पोचवला.

"आजीला सांग, नको असेल तर ओतून टाकते."

"ओतायला कशाला? पैसे पडलेत," असं भिंतीला सांगून सासूबाईंनी काढा पिऊन टाकला.

भांडण नावाचं होतं. फोतिनीच्या मुलाला चार दात आले, धरून उभा राहायला लागला, पण नाव नव्हतं. बाप्तिस्म्यापर्यंत अथेन्समधली सगळीच पोरं नुसती 'बाळ' असतात, त्यात काही नवल नाही. पण बाप्तिस्मा आता येत्या शनिवारवर आला होता, आणि बाप्तिस्म्यात बाळाचं नाव सांगणारी धर्ममाता रोज फोन करून विचारत होती, "अगं, पाद्रीबाबांनी नाव विचारलं की मी काय, खोकू?"

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. पहिला मुलगा, त्याला बापाच्या बापाचं नाव. थ्रासीवूलोस. त्यांचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, पण रीत काही मेली नव्हती. अडचण एवढीच, की फोतिनीच्या नवऱ्याच्या, लेफ्तेरिसच्या, तिन्ही थोरल्या भावांनी ही रीत आधीच इमानाने पाळलेली. ईस्टरला अंगणात कोकरू भाजताना "थ्रासीवूलोस!" अशी हाक घातली की तीन पोरं धावत यायची, आणि ज्याने काच फोडली तो त्यांत कधीच सापडायचा नाही.

फोतिनी एकुलती एक. तिचे वडील क्लेआन्थिस, बाळ पोटात असतानाच गेले. त्यांचं नाव उचलणारं दुसरं कोणी नव्हतं. हे ती एकदाच बोलली होती, जेवताना, आणि तेव्हापासून घर मुकं होतं.

"चला, संग्रहालयात जाऊ," लेफ्तेरिस म्हणाला. "महिन्याचा पहिला रविवार आहे, फुकट सोडतात." दगडी माणसांसमोर तरी बायका भांडणार नाहीत, असा त्याचा होरा. सगळ्यांना दारात उतरवून तो "गाडी लावून आलोच" म्हणाला आणि गेला तो गेलाच.

आत पुतळ्यांच्या रांगा. सासूबाईंनी शाल घट्ट ओढून घेतली.

"सगळे उघडे! ह्या थंडीत! ह्यांच्या आयांनी लोकर नाही का विणली कधी?"

"आजी, हे दगडाचे आहेत."

"दगडाला काय सर्दी होत नाही? हात बघ ह्याचा, गळूनच पडलाय."

फोतिनीला हसू आलं. ते तिने बाबागाडीवर वाकून, बाळाची टोपी नीट करत लपवलं. आज हसली तर हरली.

पुढच्या दालनात थडग्यांचे दगड होते. एका दगडावर खुर्चीत बसलेली बाई, मागे काठी टेकून उभा म्हातारा, आणि बाईच्या मांडीवर एक गुबगुबीत मूल. मुलाच्या गालाला पडलेली खळीसुद्धा कोरलेली. सासूबाई थबकल्या, विरघळल्या, आणि अगदी सवयीने, "काय गोड गं बाई! फ्तू, फ्तू, फ्तू!"

कोपऱ्यातली रखवालदारीण स्टूल सोडून धावत आली. "अहो बाई! थुंकताय काय? अडीच हजार वर्षांची वस्तू आहे ती!"

"थुंकतेय कसली? कोरडंच आहे. दृष्ट काढतेय."

"दगडाची?"

"मग? इतकी वर्षं तुम्ही कोणी काढली नाहीत, म्हणून तर नाक तुटलंय त्याचं!"

रखवालदारीण वाकून त्या तुटक्या नाकाकडे बघू लागली. तीही कोणाची तरी आजी असावी.

मातूला दगडाला नाक लावून उभी होती. "ह्या बाळाचं नाव काय?"

"हात नको लावूस हं, राणी," रखवालदारीण म्हणाली. "हे बघ, वर आईचं नाव कोरलंय. इथे आजोबांचं. बाळाचं नाव नाही."

मातूलाने विचार केला. मग दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणजे हा अजून नुसता बाळच? ह्याच्या आई-आजीचं भांडण अजून चालूच आहे?"

रखवालदारणीला ठसका लागला. सासूबाईंना मात्र लागला नाही. त्यांनी थडग्यावरच्या त्या बिननावाच्या बाळाकडे पाहिलं, मग बाबागाडीकडे. भराभर तीनदा क्रुसाची खूण केली आणि नातवावर वाकून पुन्हा फ्तू फ्तू केलं. ह्या खेपेला ते कोरडं नव्हतं. बाळाने गाल पुसला.

मग सासूबाई शेजारच्या बाकावर बसल्या. बोलल्या ते मातूलाशी नाही, भिंतीशी नाही, थेट सुनेशी.

"तुझा बाप माझ्याकडे आला की कॉफीचा फेस आधी चमच्याने खायचा. सगळ्यांसमोर."

"हो," फोतिनी म्हणाली.

"असभ्य माणूस."

"हो, आई."

"मी त्याच्यासाठी मुद्दाम फेस जास्त काढायची." त्यांनी नाक शिंकरलं. "तिघांना हाका मारूनच माझा घसा बसतो. चौथा कशाला? सांग त्या धर्ममातेला, क्लेआन्थिस. आणि पुढच्या मुलाचं—"

"पुढचा नाही, आई."

"बघू."

तेवढ्यात लेफ्तेरिस घामाघूम होऊन आला. "जागा मिळाली! अगदी कोपऱ्यावर!"

"छान," त्याची आई उठत म्हणाली. "आता काढ, घरी जायचंय. मला फेसाची कॉफी हवी."

मातूला बाबागाडीत डोकावली. "क्लेआन्थिस!" तिने हाक मारून पाहिली. बाळाने मान वळवून चारही दात दाखवले. ती खूश झाली, आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिने फोतिनीचा हात ओढला.

"आई, पण आजोबांना त्यांचं नाव परत लागलं तर?"