पलीकडच्या अझीझाचं लग्न

हम्मूने नर खजुरीवरून फुलोऱ्याची पोय खाली टाकली आणि यामनाने ती पांढऱ्या चादरीच्या ओच्यात झेलली.

"लल्ला काकी, आपल्या बागेतल्या सगळ्या खजुरींची लग्नं लागली. हा नवरदेव कुणासाठी?"

"तुला ठाऊक आहे."

"नदीपलीकडच्या म्हातारीसाठी? वरात अडवायला दोन्ही काठांवर बंदुका आहेत!"

"तू उतर आधी. उंचावर गेलास की जीभ फार चालते तुझी."

हम्मू तिच्या दिवंगत नवऱ्याचा पुतण्या. फिगीगच्या वाळवंटी खोऱ्यात झाडावर चढावं तर त्यानेच.

या खोऱ्यातली गावं झऱ्यांना लेकरांसारखी बिलगलेली. जुन्या काळी त्याच पाण्यापायी ती एकमेकांच्या उरावर बसली, पाटांवर पहारे ठेवायला मातीचे बुरूज उभे राहिले. झरे पुरेनात, तेव्हा वाडवडिलांनी कोरड्या नदीपलीकडे विहिरी खणल्या, बागा लावल्या. तिथेच यामनाने लग्नाच्या साली आईच्या खजुरीच्या बुंध्याशी फुटलेलं पिलू डोक्यावरून नेऊन लावलं होतं. अझीझा जातीचं. पोरीसारखं वाढवलं. मग काही वर्षांपूर्वी नदी ही दोन देशांची हद्द ठरली. माणसं अलीकडे राहिली, झाडं पलीकडे.

खजुरीचं लग्न हातानेच लावावं लागतं. नराचे तुरे मादीच्या घडात खोचून झावळीच्या पट्टीने बांधायचे. नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर सोडलं तर धरतो तो बहुतेक बिनबियांचा, बेचव चोथाच. दर वसंतात यामनाला घास गोड लागेना. पोरगी यंदाही कुवारीच. आज पश्चिमेचा वारा सुटला होता, थेट नदीपलीकडे जाणारा. चोथा तर चोथा, म्हणून ती निघाली.

काठावर शिपाई उभा होता, दूरच्या डोंगराकडचा.

"आजी, त्या दगडांच्या पुढे जायचं नाही हं."

"मी कुठे जाते? वारा जाईल. त्याला कागद लागतो का?"

"वाऱ्याचं मला कुणी सांगितलं नाही," तो हसला.

यामनाने पोय उघडली, आतला पराग वाऱ्यावर सोडायला हात उंच केला. ओठांवर बायकांचं गाणं आलं,

*हळदीचा धुरळा बाई उडाला नदीपार*
*सोयरे नाही आले, वारा झाला गं वऱ्हाडकर*

आणि हात तसाच राहिला. पलीकडे तिच्या अझीझाच्या घडांवर झावळीच्या हिरव्या पट्ट्या आवळलेल्या होत्या. लग्न लागलेलं होतं. बुंध्याशी एक माणूस कोयता पुसत होता.

यामना आधी हरखली, आणि मागोमाग रुसली. मला न विचारता? कुठल्या झाडाचा नर, कसला, कुणाच्या हातचा?

"अरे ए!" ती ओरडली. "घड फुगले की गाठ सैल कर! नाहीतर गळा आवळतो तिचा!"

माणसाने कपाळावर हात आडवा धरून इकडे पाहिलं.

"कोण तो, आजी?" शिपायाने विचारलं.

"माझ्या पोरीच्या सासरचा," यामना म्हणाली, आणि पुन्हा ओरडली, "फळं अजून तशीच गोड आहेत का रे?"

वाऱ्याने तिचा आवाज पार नेला असावा. तो माणूस दोन्ही हात तोंडाशी नेऊन काहीतरी सांगू लागला, बराच वेळ सांगत राहिला. पण वारा इकडून तिकडे वाहत होता. यामना कान पुढे करून, दगडांना पावलं टेकवून, उभीच राहिली.