बाहुल्यांचा बांध

"पृथ्वीचं रक्षण हे माणसाचं सर्वांत पवित्र कर्तव्य असून त्यासाठी आमचं आणीबाणी पथक प्राण द्यायलाही सज्ज आहे!" आमच्या सान ओनोफ्रेच्या नगरपालिकेने रेडिओवरून गर्जना केली. पथक म्हणजे इन्स्पेक्टर विल्फ्रिदो. गर्जनेच्या वेळी पथकाच्या तोंडात तळलेलं केळं होतं आणि एक गमबूट सापडत नव्हता.

वर्षाचा शेवटचा दिवस, भर दुपार. गावाच्या वरच्या अंगाला जुनं इंजिन ऑइल गाळून पुन्हा विकणारा कारखाना पेटला होता. धूर असा, की कोंबड्या रात्र समजून खुराड्यात गेल्या. शेजारच्या टाक्या पेटू नयेत म्हणून बंबवाले पाण्याचा मारा करत होते आणि ते पाणी तेल घेऊन, काळंभोर, मोठ्या गटाराने खाडीकडे निघालं होतं.

खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायकांची म्होरकी, जिला गाव मानाने 'दोन्या' म्हणजे बाईसाहेब म्हणे ती दोन्या त्रान्सितो, तोंडातला चिरूट न काढता ओरडली, "काय रे इन्स्पेक्टर! तेल चिखलात मुरलं की शिंपल्या संपल्या. मग पोरांना काय तुझी टोपी उकडून घालू?"

"पाणी बंद करा!" विल्फ्रिदो बंबाच्या कप्तानावर खेकसला.

"करतो की. मग गाव जळेल. बोला, काय आवडेल?"

"दोन्या, तेल ओढणारी गाडी शहरातून निघालीय. अंधार पडायच्या आत येईल."

"अंधार पडलाच की," धुराकडे बघत ती म्हणाली.

तोवर तेल अडवायला लाकडाचा भुसा हवा. विल्फ्रिदो एका बुटावर सुताराकडे धावला.

"चिमूटभर नाही," सुतार म्हणाला. "सगळा गावाने नेला. आज काय आहे, विसरलास?"

विल्फ्रिदोने मान वळवली. प्रत्येक दारात खुर्चीवर एकेक बाहुला बसला होता. जुनं वर्ष म्हणून मध्यरात्री जाळायचा. पोटात भुसा, तोंडाला नावडत्या माणसाचा मुखवटा. महापौर, फुटबॉलचा पंच, दाताचा डॉक्टर, कुणाची तरी सासू.

"बाहुले आणा! सगळे! गटारावर!"

"माझी सासू?" एक गृहस्थ कळवळला. "अहो, वर्षभर वाट बघतोय मी जाळायची!"

"बुडवली तर चालेल?"

तो गृहस्थ क्षणभर विचारात पडला. "पळवतच आणतो," म्हणाला.

आणि गल्लीच्या गल्ल्या सुटल्या! बायका पंचाला तंगड्या धरून ओढतायत, म्हातारे डॉक्टरला खांद्यावर घेऊन पळतायत, पाद्रीबुवा झगा खोचून सासूला लोटतायत. महापौर तर तीन आले. गटारात थरावर थर चढला. काळं पाणी धडकलं, थबकलं, फुगलं. गावाने आरोळी ठोकली. तेवढ्यात मधल्या फटीतून एक काळी धार सुटली.

"मोठा पाहिजे! जाडा!" विल्फ्रिदो ओरडला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग दोन्या त्रान्सितोने आपल्या गल्लीतला बाहुला ओढत आणला. सुटलेलं पोट, डोक्यावर पालिकेची टोपी, गळ्यात पुठ्ठा: 'येतो, बघतो, जातो.' एका पायात गमबूट. दुसऱ्या पायात काहीच नाही.

विल्फ्रिदोने आपल्या पायाकडे पाहिलं.

"हा मी?"

"नाहीतर कोण? किती वर्षं झाली त्या कारखान्याबद्दल ओरडतोय आम्ही."

स्वतःला कवटाळून तो छातीभर पाण्यात उतरला, स्वतःला डोक्याकडून फटीत कोंबलं आणि पाठ लावून उभा राहिला. धार थांबली.

"पोट कामी आलं बघ!" काठावरून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

गाडी येऊन तेल ओढून होईपर्यंत तो तसाच उभा होता. दोन्या त्रान्सितो बांधापलीकडच्या चिखलात उतरली. हात कोपरापर्यंत खुपसून एक शिंपली काढली, फोडली आणि नाकाशी धरली. तिने पुन्हा एकदा हुंगली. मग दुसरी काढून टोपलीत टाकली आणि तिसरीसाठी वाकली. त्यावर जी बोंब उठली ती बहुधा शहरातही ऐकू गेली असावी.

कारण लगेच महापौर आले, टीव्हीवाले आले. महापौरांनी आपल्या दूरदृष्टीवर भाषण केलं; तीन महापौर मागे डोक्यावर उभे राहून ऐकत होते. मग माइक विल्फ्रिदोपुढे आला. "या ऐतिहासिक क्षणी देशाला काय सांगाल?"

विल्फ्रिदोने तेलाने निथळणारे दोन्ही हात वर उचलले. त्याचा चेहरा आक्रसला, ओठ थरथरले. सुताराने टोपी काढली. चिखलातून वर आलेली दोन्या त्रान्सितो त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दोन्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जरा माझं नाक खाजवता का?"