एक सूप बियाणं

"उत्तरं दोन आलीत, आत्या," लॅपटॉप मिटत श्रुतिका म्हणाली.

चंद्रभागाआत्याने सूप डोक्याच्या वर धरून भात सोडलं. आंबेनळी घाटाकडून उतरणाऱ्या वाऱ्याने फोलपटं पार बांधापर्यंत नेली. दाणे तिच्या पायाशी पडले. काळ्या कुसळाचं हे भात सासूच्या वेळेपासूनचं. आता वाडीत फक्त तिच्याकडे उरलेलं, जेमतेम चार सुपं.

"दोन कशी? येनारं वादळ तर एकच हाय."

शेजारचा गोमाजी बैल घेऊन आला होता. जोडी आज तिच्या राबाला, रोपांसाठी भाजून ठेवलेल्या तुकड्याला; उद्यापासून दुसऱ्यांच्या. कोरड्या मातीत बी टाकायचं आणि पावसाची वाट बघायची. बेताचा आला तर रोपं, दांडगा आला तर सगळं बी ओढ्यात.

"पेर गो वयनी. गेल्या साली हिच्या शब्दावर थांबलीस न् सगळ्या वाडीचा राब हिरवा झाला, तुजाच तेवढा राहिला."

श्रुतिकाने चमकून आत्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी तिनेच पुण्याच्या हवामान संस्थेतून फोन करून सांगितलं होतं, वादळ भयंकर आहे, पेरू नकोस. ते समुद्रातच निवलं. पुढचं आत्या कधी बोलली नव्हती. दिवाळीला नेहमीसारखं पोह्यांचं गाठोडंही आलं होतं. थोडं लहान होतं, एवढंच.

"गप ऱ्हावा भावजी. उशिरा पेरलं म्हणून कीड लागली नाय."

"कीड लागायला भात तरी पायजे," गोमाजी बैलाच्या कानात सांगावं तसं म्हणाला.

श्रुतिका अंगणात उतरली. "तेव्हा मी गणित एकच केलं होतं. आता दोन केली. समुद्र तोच, वारा तोच. फक्त ढगातला बर्फ किती वेगाने खाली पडतो, ते वेगळं धरलं. सगळ्या ढगांत जाऊन मोजता येत नाही, धरावंच लागतं." तिने सुपाकडे बोट केलं. "दाण्यासारखा जड धरला तर तो वादळाच्या मध्याजवळच पडतो आणि वादळ जोर धरतं. फोलपटासारखा हलका धरला तर लांब जातो, तिथे वितळून हवा गार करतो. ती हवा आत शिरली की वादळ मंदावतं."

आत्याने मूठभर भात उचललं. "मग ह्या बारीला दाना हाय का फोल?"

पुण्यात, सरांसमोर, हे उत्तर तिने सहज दिलं असतं. इथे तिने आधी आत्याच्या मुठीकडे पाहिलं.

"मला फोल वाटतं. पण खात्री नाही, आत्या."

"मग गेल्या साली बी असंच बोलायचं ना, बाय. एकच सांगितलंस, म्हणून मी सगळंच झाकून ठेवलं. दोन सांगितलीस तर वाटनी तरी करता येते."

तीन सुपं तिने गोमाजीच्या टोपलीत ओतली. चौथं नवऱ्याच्या जुन्या पंचात बांधलं आणि चुलीवरच्या खुंटीला टांगलं.

वादळ दाण्याचं निघालं. दोन दिवस पत्र्यांवर खडी ओतल्यासारखा पाऊस कोसळला. घाट बंद झाला, श्रुतिका अडकली. तिसऱ्या दिवशी उघडीप पडल्यावर दोघी रानात गेल्या. राबाच्या जागी तांबडे ओहोळ आणि धोंडे होते. बांधाच्या कोपऱ्यात गाळात काळी कुसळं रुतली होती, बोटांवर मोजण्याइतकी.

"माझं चुकलं, आत्या."

"दोनातलं एक बरोबर आलं की." आत्या धोंडे उचलून बांधावर ठेवू लागली.

"गोमाजीकाकांना बोलावू? बैल घेऊन?"

"एका सुपाला बैल कशाला?"

तिने कुदळीने दोन खाटांएवढी जागा मोकळी केली, पंचा सोडला आणि वाकून बी पसरलं. शेवटची मूठ मात्र हातातच ठेवली. ती पंचाच्या टोकाला घालून गाठ मारली.

"ही कशाला ठेवलीस?"

"तू दोनच गनितं केलीस, बाय. तिसरं निघालं तर?"

घरी येऊन हात धुण्याआधी तिने पंचा परत खुंटीला टांगला. आता तो अगदी हलका होता. दारातून वारा आला की हलायचा.